अदाची डबी

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी मॅडम त्यावर बोटाने टकटक करत. मग जरा थांबत. आतून कुणी ‘या’ म्हणेल, इतकं थांबत. आणि मग दार उघडत.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एकदा टकटक न करता दार उघडलं. मागून आवाज आला, "ए मुली, कुणाच्या घरात अशी घुसतेस का?"

मला वाटलं थट्टा आहे. मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी दार लावलं, टकटक केली, थांबले आणि पुन्हा उघडलं. आत अंगाच्या तापमानाएवढी ऊब होती, दमट हवा होती आणि जाळीच्या फळ्यांवर प्लास्टिकच्या चपट्या गोल डब्या मांडलेल्या होत्या. इतर प्रयोगशाळांत त्यांना डिश म्हणतात. मॅडम डबी म्हणत. त्या डब्यांमध्ये माणसांच्या हृदयाच्या पेशी होत्या आणि त्या धडधडत होत्या.

हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि प्रत्येक जण ‘धडधडत होत्या’पाशी थांबवतो. म्हणून आधीच सांगून टाकते. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं. त्यातल्या पेशींना विशिष्ट प्रथिनं देऊन मागे न्यायचं, गर्भात पेशी जशा असतात तिथपर्यंत. मग त्यांना हळूहळू हृदयाच्या पेशी व्हायला लावायचं. बरेच दिवस काही होत नाही. मग एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली डबीचा एक कोपरा हलतो. मेंदू नाही, नस नाही, शरीर नाही, आणि ठोका सुरू. ज्याचं रक्त त्याचंच हृदय, आणि त्याच्यात काही खोट असेल तर तीही जशीच्या तशी. यात जादू काही नाही, जगात पुष्कळ ठिकाणी हे काम चालतं. पण दारावर टकटक करून चालणारी प्रयोगशाळा मी तेवढी एकच पाहिली.

ती अंबरनाथ एमआयडीसीत होती. एक रंगाचा कारखाना बंद पडला होता, त्याच्या वरच्या मजल्यावर. खाली गोदाम. जिना बाहेरून नव्हता, आतूनच होता, अंधारा, सिमेंटचा. भिंतींना कितीदाही चुना दिला तरी पावसाळ्यात जुना रंग आतून पाझरायचा आणि जिन्याच्या कडेने गुलाबी ओघळ उतरायचे. नवा माणूस ते पाहून दचकायचा. मॅडम म्हणायच्या, "घाबरू नको. बिल्डिंग अजून गेली नाही."

मी बदलापूरच्या पलीकडच्या गावातली. शाळा जिल्हा परिषदेची, कॉलेज उल्हासनगरला. वडील याच एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं. मुलाखतीला जाताना आईने माझी सगळी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर दोरा बांधला होता. मॅडमनी पिशवी बाजूला सरकवली.

"हात दे."

मी शेकहँडसाठी हात पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. खालच्या गोदामातल्या माणसांचं बोलणं ऐकू येत होतं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून ये."

त्यांची निवडीची पद्धत हीच होती, हे मला नंतर कळलं. कुणीही आलं, मशीन दुरुस्त करणारा, पार्सलवाला, अनुदानाची चौकशी करायला आलेले साहेब, की मॅडम त्याचं मनगट धरणार. स्वतःचं मात्र कुणाच्या हाती देत नसत. पण माझ्यासारखीला त्यांनी मार्क न बघता आत घेतलं, इंग्रजी अडलं की हिंदीत, हिंदी अडलं की मराठीत समजावलं, आणि माझं नाव शोधनिबंधावर आपल्या नावाआधी घातलं. त्यांच्याविषयी पुढे काहीही सांगितलं तरी हे आधी सांगायला हवं.

त्या उल्हासनगरच्या सिंधी. मराठी चांगलं बोलत, पण रागावल्या की हिंदीत जात आणि फार हळव्या झाल्या की सिंधीत. पन्नाशी उलटलेली, उंच, किडकिडीत, केस कायम एका पेन्सिलीने वर अडकवलेले. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून तिथली ‘धूम्रपान करू नये’ ही कारखान्याच्या काळातली पाटी वाचत उभ्या राहायच्या. रोज. मी एकदा म्हटलं, "मॅडम, पाठ झाली असेल ना आता?"

"वाचत नाही गं. अक्षर बघते. किती सुंदर रंगवलंय."

त्यांचं संशोधन हृदयाच्या स्नायूच्या एका आजारावर होतं. त्यात हृदयाची भिंत विनाकारण जाड होत जाते. बाहेरून माणूस धडधाकट, आणि एक दिवस चालता-बोलता जातो. हे मला त्यांनी असं समजावलं होतं : स्नायूच्या पेशीत दोन प्रकारचे धागे असतात. एक धागा दुसऱ्याला धरून ओढतो, तेव्हा पेशी आकसते. मग तो सोडतो, तेव्हा सैलावते. त्या ओढणाऱ्या धाग्याला आवर घालणारं एक प्रथिन असतं. त्या प्रथिनात खोट असली की धागा ओढत राहतो, वेळेवर सोडत नाही. पेशी कधीच पुरती विश्रांती घेत नाही.

"सगळे म्हणतात हार्ट कमजोर झालं," त्या म्हणायच्या. "कमजोर कुठे? ओढायला बरोबर येतं त्याला. सोडायला येतं का, ते बघ."

आमच्याकडे काही मोजक्या माणसांच्या पेशी होत्या आणि प्रत्येकाला नंबर दिलेला होता. एकालाच नाव होतं. वरच्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात, अदा. सिंधीत अदा म्हणजे भाऊ. मॅडमचा थोरला भाऊ. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांचं दुकान होतं. एका सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना ते शटरखालीच कोसळले. त्याच्या काही महिने आधी बहिणीच्या प्रयोगासाठी त्यांनी हसत हसत रक्त दिलं होतं. माणूस गेला आणि डबी राहिली.

सकाळी आल्या की टकटक, दार, आणि मग डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्या हळू आवाजात विचारायच्या, "अदा, कीअं आहीं?" कसा आहेस. मग भिंगातून बघत राहायच्या. अदाचा ठोका सरळ नव्हता. काही वेळ नीट चालायचा, मग एक गाळायचा, मग दोन घाईघाईने यायचे, जसं कुणी पायरी चुकून सावरावं. त्या आजाराची ती खूणच होती. तरीही तो गाळलेला ठोका पाहताना दर वेळी मॅडमचा श्वास अडायचा.

त्यांच्यासमोर पेशी ‘मेल्या’ म्हणायची सोय नव्हती. "उठल्या नाहीत" म्हणायचं. अशी डबी काही महिनेच चालते. मग गर्भातल्यासारख्या त्या आधीच्या बालपेशींतून पुढची तयार करायची, विरजणातून दही लावत जावं तशी. बाकीच्यांच्या जुन्या डब्या आम्ही ब्लीच ओतून टाकून द्यायचो. अदाच्या जुन्या डब्या खालच्या फळीवर ठेवल्या जात, आपल्या आपण थांबेपर्यंत.

आणि एक नियम होता, ज्यावरून मी सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली. डबीच्या झाकणावर काही लिहायचं नाही. जे लिहायचं ते डबीच्या अंगावर. झाकणं काढून बाजूला ठेवली जातात आणि ती बदलू शकतात, म्हणून सगळ्याच प्रयोगशाळांत हे शिकवतात. मॅडम नुसतं शिकवत नव्हत्या. मी एकदा घाईत झाकणावर पेन टेकवलं, तर त्यांनी ते झाकण माझ्या हातातून काढून दोन तुकडे केले आणि म्हणाल्या, "मैं भी कभी लिखती थी." एवढंच.

वॉचमन काका बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे. ते वरच्या मजल्यावर येत नसत. त्याला कारण होतं. ठोक्यांबरोबर पेशींमध्ये अगदी बारीक वीज निर्माण होते. ती मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं, आणि मॅडमनी त्याला एक साधा स्पीकर जोडून घेतला होता. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. कारखाने बंद, ट्रक बंद, बहुतेक वेळा लाइटही गेलेली. आमचं यंत्र बॅटरीवर चालायचं. त्या शांततेत, भर दुपारी, मॅडम अदाला स्पीकरवर लावायच्या आणि जेवायला बसायच्या. धप्. धप्. धप्. मग काही नाही. मग धप्धप्. मी डबा उघडायची आणि घास खाली जायचा नाही. मॅडम कोकी, त्यांची ती जाड सिंधी पोळी, तोडत म्हणायच्या, "खा ना. तो जेवताना कधी बोलायचाच नाही, आता बघ किती बोलतो."

काका मला खाली अडवायचे. "ताई, वर कोन हाय?"

"कुणी नाही काका. मशीन आहे."

"मशिनीला दम लागत नाय. त्याला दम लागतो." मग आवाज खाली आणून, "मॅडमला सांगा, सोरा त्याला. बांधून ठेवलेला मानूस बरा नाय."

अमावास्येला ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक नारळ ठेवायचे. मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "ठेवू दे. फक्त वर आणू नको म्हणावं, बुरशी येते."

तुलनेसाठी निरोगी माणसाच्या पेशी लागतात, म्हणून मी आल्यावर काही दिवसांनी माझंही रक्त घेतलं होतं. माझी डबी पहिल्यांदा हलली ती सकाळ मी विसरणार नाही. मी भिंगातून पाहत होते आणि माझी छाती माझ्या कुडत्याखाली धडधडत होती, आणि तिकडे, माझ्यापासून हातभर लांब, तीच मी आणखी एकदा धडधडत होते. दोन्हींचा ताल वेगळा होता. मला घेरी आली. मॅडमनी खुर्ची दिली आणि कौतुकाने म्हणाल्या, "बघ. एकदम सीधी. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी."

घरी सांगितलं तर आई ताट घेऊन तशीच उभी राहिली. "काळीज डबीत? आणि परत कधी देणार?"

"परत द्यायचं नसतं आई. ते वाढवलेलं आहे."

"आपलं काही दुसऱ्याच्या घरी ठेवू नये," ती म्हणाली. वडील म्हणाले, "अगं, शिकलेली माणसं आहेत ती." पण त्या दिवशी जेवताना ते माझ्याकडे जरा वेगळे बघत होते.

आता त्या मे महिन्याकडे येते. दुपारची वेळ. मॅडम बाहेरून आल्या आणि जिन्यात त्या पाटीपाशी थांबल्या, पण या वेळी पाटीकडे तोंड न करता खाली बसल्या. मी धावले. चेहरा पांढरा, कपाळावर घाम. मी पाणी दिलं आणि काही न विचारता त्यांचं मनगट धरलं.

ठोके चालले होते. नीट चालले होते. मग एक आलाच नाही. मग दोन घाईघाईने आले.

मला तो ताल पाठ होता. मी तो रोज भिंगातून पाहत होते, दर शुक्रवारी ऐकत होते. जिन्यातल्या त्या अर्ध्या उजेडात मला क्षणभर वाटलं, माझ्या बोटांखाली मॅडम नाहीत, तो वरचा आहे. वरच्या फळीवरचा, उजव्या कोपऱ्यातला.

त्यांनी हात ओढून घेतला. "माझी नाडी बघायची नाही. इथे डॉक्टर मी आहे."

"मॅडम, तुम्ही पीएचडीच्या डॉक्टर."

"तेच तर म्हणते. तू तीही नाहीस." आणि त्या उठून वर गेल्या.

त्यानंतर मी त्यांना विचारलं होतं की, भाऊ गेल्यावर तुमची तपासणी झाली होती का. आजार घराण्यात चालणारा आहे, भावंडांनी तपासून घ्यायचं असतं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्या म्हणाल्या, "मला काय झालंय? मी तर कंट्रोल होते." म्हणजे तुलनेसाठी घेतलेली निरोगी. सुरुवातीला अदाच्या शेजारी त्यांच्या स्वतःच्या पेशींची डबी असायची, हे मला तेव्हाच कळलं. भाऊ गेल्यावर त्यांनी ती टाकून दिली होती. "मी आहे ना चालती-फिरती. मला डबीत कशाला ठेवायचं?"

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या एका मोठ्या हृदयरुग्णालयातून विचारणा झाली. या आजारावरचं एक नवं औषध त्यांना रुग्णांना देण्याआधी आमच्या अदावर पाहायचं होतं. अट एकच, सगळ्या पेशींची गुणसूत्रं ताजी तपासलेली हवीत. ही तपासणी आम्ही दरवर्षी करायचोच. पण अदाची कधीच केली नव्हती. कारण त्या तपासणीत पेशी फुगवून फोडाव्या लागतात, आणि तो फुटलेला थेंब काचेवर पसरावा लागतो. अदाला फोडायची कल्पना मॅडमना सहन होत नसे. भिंगातून बघा, वीज मोजा, आवाज ऐका, पण त्याला दुखवायचं नाही.

त्यांनी काही दिवस उत्तर पाठवलं नाही. मग म्हणाल्या, "तू कर. मी खाली जाऊन बसते. झालं की बोलाव."

मी केलं. काचेवर पसरलेली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली खडूच्या तुकड्यांसारखी दिसतात. आपण त्यांच्या जोड्या लावत जातो. शेवटची जोडी पुरुषात विजोड असते, एक लांब आणि एक अगदी बुटकं. मी ते बुटकं शोधू लागले. सापडेना. दुसऱ्या पेशीत बघितलं, तिसऱ्या पेशीत बघितलं. सगळीकडे शेवटची जोडी सारखी होती. लांब आणि लांब.

मी दुसऱ्या डबीतून पुन्हा केलं. तेच. पहिला विचार आला तो स्वतःचा. माझ्याच पेशी चुकून यात पडल्या असतील तर? मग हा ठोके गाळणारा जीव मी आहे का? मी माझ्या गळ्यावर बोटं ठेवून उभी राहिले. तिथे सगळं सरळ चाललं होतं. मग मला जिना आठवला.

मॅडमना बोलावलं. त्या वळणावर थांबत वर आल्या.

"काय झालं? तोडमोड आहे का काही? जुन्या पेशीत होते कधी कधी."

"मॅडम, या अदाच्या पेशी नाहीत."

"म्हणजे?"

"या बाईच्या आहेत."

"परत कर."

"केलं, मॅडम. दुसऱ्या डबीतून पण केलं."

त्यांनी मला खांद्याने बाजूला सारलं आणि भिंगाला डोळे लावले. बराच वेळ त्यांचा हात नुसती काच सरकवत होता. मग त्या लहान मुलासारख्या आवाजात म्हणाल्या, "वो छोटावाला कुठे आहे?"

"नाहीये, मॅडम."

"तू गोंधळ घातलास. तुझ्या पेशी पडल्या यात. निष्काळजी आहेस तू!"

मला रडू आलं, पण बोलले. "माझं रक्त तुम्ही मी आल्यावर घेतलंत. अदाची डबी त्याच्या आधीपासून ठोका गाळते आहे. माझी गाळत नाही. या इन्क्युबेटरमध्ये बाईच्या पेशी दोघींच्याच होत्या. एक मी."

त्यांची नजर टेबलाच्या एका मोकळ्या जागेवर होती.

"झाकणं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशीच त्या लॅबमध्ये आल्या होत्या. घरी बसवेना. तेव्हा नावं झाकणावर लिहीत, पेशींचा साठा गोठवून ठेवायला सुरुवात झालेली नव्हती आणि दोघांच्याही पेशी अजून बालपेशीच होत्या, ठोका कुणाचाच सुरू झाला नव्हता. दोन डब्या बाहेर काढल्या, त्याची आणि यांची. पेशींचं पोषक पाणी बदलायला दोन्ही झाकणं काढून टेबलावर ठेवली. डोळे इतके सुजलेले की समोरचं दिसत नव्हतं. झाकणं परत लावली. मग आपलं नाव ज्यावर होतं ती डबी उचलली आणि ब्लीचमध्ये उपडी केली.

"हाताने टाकलं मी त्याला," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी जाळला आणि दुसऱ्या दिवशी ब्लीच." थोड्या वेळाने, "नंतर कळलं होतं मला, झाकणावर लिहिणं चुकीचं आहे. म्हणून नियम केला. पण मागे वळून बघितलं नाही. ठोका चुकत होता ना! त्याचाच असणार. माझा कसा चुकेल?"

दोघांमध्ये खोट एकच होती. म्हणून कुणाला कधी शंका आली नाही.

पुढे बाहेरच्या तपासणीतही तेच निघालं. त्या पेशी मॅडमच्याच होत्या. रुग्णालयाला त्यांनी स्वतः कळवलं, काही लपवलं नाही. पण डॉक्टरकडे जायचं नाव काढेनात. मी रोज विषय काढायची.

"बघ," त्या म्हणायच्या, "इतकी वर्षं ही डबी अशीच चालली आहे. बंद पडली का? नाही ना? मग मला काय होणार आहे?"

"मॅडम, डबी जिना चढत नाही."

"तू फार बोलायला लागलीस."

त्या दिवसांत त्यांची मला भीती वाटायची. त्या आता इन्क्युबेटरवर टकटक करत नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "माझ्याच घरात मी कशाला दार वाजवू?" सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तासन्‌तास बसायच्या, एक हात स्वतःच्या छातीवर. काहीही विचारायच्या नाहीत त्या डबीला. नुसतं बघायच्या, आरशात बघावं तसं. मी मागून हाक मारली तर वळायला वेळ लागायचा. आणि वळल्या की क्षणभर मलाच कळेनासं व्हायचं की मॅडम नेमक्या कुठे आहेत, खुर्चीत की काचेखाली.

एका शुक्रवारी दुपारी मी आले तर टेबलावर दोन डब्या यंत्रावर चढवलेल्या होत्या. एक माझी, एक त्यांची. शेजारी बाटली. अ‍ॅड्रेनालिनसारखं औषध, माणूस धावतो, घाबरतो, ओझं उचलतो तेव्हा शरीरात जे वाढतं त्यासारखं. ते पेशींना देऊन ताण कसा सोसतात ते बघायचं, हा प्रयोग आम्ही सगळ्यांवर केला होता. अदावर कधीच नाही.

"तू म्हणतेस ना, डबी जिना चढत नाही," मॅडम म्हणाल्या. "चढवू या."

"मॅडम, एका डबीवरून काही सिद्ध होत नाही. डॉक्टर—"

"मला काही सिद्ध करायचं नाही. मला बघायचंय."

लाइट गेलेली होती. खिडकीतून मळकट ऊन येत होतं. आधी त्यांनी माझ्या डबीत थेंब सोडला. स्पीकरमधून माझं हृदय वेगाने पळायला लागलं, बस पकडायला धावावं तसं. मी टेबलाची कड धरली. काही वेळाने ते एका लयीत आलं आणि तसंच चालत राहिलं. घाईत, पण न अडखळता.

"पहिला बाक," मॅडम पुटपुटल्या.

मी दुसरी पिचकारी उचलली. "मी टाकते, मॅडम."

"नाही. माझं आहे."

थेंब पडला. आधी काहीच फरक नाही. तोच ओळखीचा ताल, एक गाळलेला, दोन घाईचे. मग वेग वाढला. गाळलेले ठोके वाढले. मग मोजता येईना. धप्धप्धप् करत ते एकमेकांवर आदळायला लागले, आणि मग ठोके राहिलेच नाहीत, पत्र्यावर नखं घासावीत तशी एक थरथर राहिली. मॅडम स्पीकरकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ किंचित उघडे होते. मला वाटलं, थरथर त्यांच्या तोंडातून येते आहे.

मग आवाज थांबला.

इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. खालून, जिन्याच्या तळाशी, काकांचा आवाज आला. "मॅडम? वर सगला बरा हाय ना? आवाज गेला तो?"

मी भानावर आले. औषध धुऊन काढलं तर पेशी कधी कधी पुन्हा सुरू होतात. मी ताज्या पोषक पाण्याची बाटली घेतली. मॅडमनी माझा हात धरला.

"नको. ठेव ते."

त्या डबीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चल. कुठला डॉक्टर म्हणत होतीस, त्यांना फोन लाव."

पुढचं थोडक्यात सांगते. त्यांच्या हृदयाची भिंत जाड झालेली होतीच. उशीर केल्याबद्दल डॉक्टर त्यांना रागावले आणि त्यांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक छोटं यंत्र बसवलं. ताल भलता झाला की ते आतून झटका देतं. त्याची आजवर दोनदा गरज लागली आहे. पण मला मॅडम आठवतात त्या दवाखान्यातल्या नाहीत. त्या शुक्रवारच्या रिक्षातल्या.

उल्हासनगरच्या रस्त्याला लागलो होतो. त्या बाहेर बघत होत्या. फर्निचरच्या दुकानांची रांग सुरू झाली तेव्हा म्हणाल्या, "अदाला असंच झालं असेल ना?"

"हो, मॅडम. असंच."

"किती पटकन."

"हो."

"म्हणजे त्याला कळलं नसेल. शटर हातात होतं आणि बस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कळलं नसेल ना?"

डबीवरून माणसाला काय कळलं असेल ते सांगता येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी म्हटलं, "नसेल कळलं, मॅडम."

आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्याने, तोंडावर ओढणी न घेता, सुतकाच्या घरात बायका रडतात तशा, सिंधीत काहीतरी म्हणत. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि वेग वाढवला. रिक्षा एका खड्ड्यात जोरात आदळली. मॅडमनी ओढणीच्या टोकाने चेहरा पुसला, पुढे वाकल्या आणि त्याच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,

"भैया, गड्ढे देख के चलाओ. जल्दी नहीं है, पर पहुँचना है."